दांडीचा सांधा

सुशील रामटेकेला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. पोटची पोर गेली तेव्हाही नाही. हुडकेश्वरच्या त्या लेआउटमधल्या बायका अजून सांगतात, की उन्नतीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हा माणूस भाजीची बादली घेऊन पंगतीत फिरत होता. "घ्या ना जी, लाजू नका," असं म्हणत होता, जसं काही तिच्या साक्षगंधालाच लोक जेवायला आलेत. एक बाई म्हणाली, "दगड आहे वं हा मानूस." दुसरी म्हणाली, "आतून जळत असंल." लोकांच्या तोंडाला काय, हात लावायचा कुणी?

पण खरं सांगू का, आतून जळत वगैरे काही नव्हतं. सुशीलनं स्वतः पुष्कळदा आत डोकावून पाहिलं होतं, तिथं काही सापडत नव्हतं. लकडगंजच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं गेट आणि ग्रिल जोडणारा हा माणूस. हातावर ठिणगी पडली तर पूर्वी आईमाईवरून शिव्या घालायचा. आता ठिणगी पडायची, केस जळाल्याचा वास यायचा आणि मग कळायचं की हा आपलाच हात. घरी बायकोनं, भावनानं वरणात मीठ टाकलं नाही तरी हा भुरकून मोकळा. आणि भावनालाही, मीठ टाकलं नाही हे कळत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

उन्नती चोवीस वर्षांची होती. पॉलिटेक्निक करून एका इंजिनिअरकडे घरांचे नकाशे काढायची, स्वतःच्या पैशानं गाडी घेतलेली, तोंडाची फटकळ, बापासारखीच. सप्टेंबरात डेंगी झाला आणि चार दिवसांत आटोपलं. एवढंच. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि सांगून ती परत येणार आहे थोडीच!

सांगण्यासारखं आहे ते त्याच्या आधीच्या अकरा दिवसांचं.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये सुशीलच्या बापाची, धोंडबाची सायकल टांगलेली होती. बावीस इंची, काळी, जाड नळीची, साठ वर्षांची. धोंडबा मिलमध्ये जायचा या सायकलवरून आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचा तोही हिच्यावरूनच. सुशील तेव्हा चार-पाच वर्षांचा. बाप आपला दुपट्टा दांडीभोवती गुंडाळायचा आणि पोराला उचलून त्यावर बसवायचा. दांडी म्हणजे सीटपासून हँडलपर्यंत जाणारी ती आडवी नळी, जिच्यावर नागपुरातली अर्धी पोरं लहानाची मोठी झाली. बापाची दाढी पोराच्या डोक्याला टोचायची, आणि बाप वर काहीबाही गुणगुणायचा. सुशीलला बाप आठवायचा तो एवढाच, दांडीवरून.

जुलैत उन्नतीनं ती सायकल खाली काढली. "बाबा, मी हिले नवी करतो." सुशील खूश झाला. लेकीला नाद लागावा तर असा! कळमन्याच्या बाजारातून तिनं फेकायला काढलेली निंबं पोतंभर आणली, बादलीत पिळली आणि त्या पाण्यात गंजलेले नट, हब, ब्रेकचे गज बुडवून ठेवले. चार दिवसांनी गंज चिखलासारखा सुटला. महिनाभर सगळ्या घराला निंबाचा वास. जेवताना बापलेक बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर आणि चाकांच्या आऱ्यांवर वाद घालायचे आणि भावना म्हणायची, "आता भाकरीले पन ग्रीस लावू का?"

आणि एका रविवारी सुशील शेडमध्ये गेला, तर सायकलला दांडी नव्हती.

कापली होती. दोन्ही टोकांपाशी आरीनं साफ कापून काढली होती, आणि तिच्या जागी एक नवी नळी, तिरपी, खाली पायडलच्या अंगाला जोडली होती. लेडीज सायकलला असते तशी.

"हे काय केलं?"

"लेडीज केली बाबा."

"कोनासाठी?"

"आहे काम."

आता हे 'आहे काम' ती हसून म्हणाली, हे सुशीलला पुढं फार दिवस आठवत राहिलं. पण तेव्हा त्याचं डोकं सणकलं होतं. "लेडीज पाहिजे होती तर नवी घेऊन देतो होतो! तुह्याजवळ गाडी आहे, तुले सायकल कायले लागते? माया बापाची सायकल काहून कापली?" असं म्हणून तो वाकला आणि तिनं केलेला सांधा पाहिला. घरच्या लहान मशीनवर, बापाचं पाहून पाहून शिकलेली पोर. वेल्डिंग पोपड्या-पोपड्यांचं, कुठं फुगलेलं, कुठं खड्डा. सुशील म्हणाला, "आन हे वेल्डिंग? कावळा हगला वाटते."

वर्कशॉपमध्ये हे वाक्य तो दिवसातून चारदा म्हणायचा. तिथं ऐकणारे दात काढायचे आणि सांधा पुन्हा करायचे. उन्नतीनं दात काढले नाहीत. ती हातातली कानस खाली ठेवून आत निघून गेली.

मग सुशीलनं अबोला धरला. बापाचा अबोला म्हणजे काय, पोरीनं म्हणावं "बाबा, जेवाले चला" आणि यानं भावनाकडे पाहून म्हणावं "येतो म्हना तिले." अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिला ताप आला, आणि तापात माणसाशी भांडण मिटवायचं नसतं, आधी बरं होऊ द्यायचं असतं, असं त्याला वाटलं.

तर ते असं होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी सुशीलनं ठरवलं, की ही सायकल होती तशी करायची. अगदी धोंडबानं दुकानातून आणली तशी. सायकल होती तशी झाली तर कापणंच झालं नाही, कापणं झालं नाही तर भांडण झालं नाही, आणि ते अकरा दिवस कुठंतरी पुसले जातील. वेडेपणाच म्हणायचा! त्यालाही कळत होतं. पण कळून उपयोग काय, त्याच्याजवळ धरायला दुसरं काही नव्हतं.

त्यानं फ्रेम लकडगंजला नेली. उन्नतीची तिरपी नळी ग्राइंडरनं उडवायला पाच मिनिटं लागली. नळी भंगाराच्या पोत्यात टाकली. मूळ दांडी शेडमध्येच होती, फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, गंज चढू नये म्हणून दोन्ही टोकांना तेल लावलेली. जिला ती नको होती तिनं तेल कशाला लावून ठेवलं, हे मनात यायला पाहिजे होतं. नाही आलं. सुशीलनं दांडी जागेवर बसवली, नळीच्या आत जुळती नळी सरकवून आधार दिला, वरून वेल्ड मारलं, घासलं, पॉलिश पेपर फिरवला. डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांधा लागू नये असं काम झालं. वर्कशॉपचे मालक, म्हातारे वामनराव, चष्मा वर करून म्हणाले, "सुशील, हे कापलं होतं म्हनून सांगशीन तर कोनी मानाचं नाई." एरवी असं कौतुक झालं असतं तर हा आठवडाभर ताठ चालला असता. तेव्हा त्यानं मान हलवली आणि हात धुतले.

मग रोज कामावरून आला की शेड. चाकं सरळ केली, छर्रे नवे घातले, घंटी वाजती केली. शेडमध्ये उन्नतीनं आणून ठेवलेला निळ्या रंगाचा डबा होता, न उघडलेला, तो यानं पायानं कोपऱ्यात सरकवला आणि फ्रेमला काळा रंग दिला. वेताची एक चांगली टोपली होती, हिची काय गरज म्हणून त्यात कांदे भरून ठेवले. दांडीवर पूर्वीसारख्या दोन सोनेरी रेघा हव्या होत्या, त्या त्यानं श्वास रोखून स्वतः ओढल्या. सीट मूळच्या उंचीवर चढवली.

भावना या सगळ्यात कुठं होती? घरातच होती. नरसाळ्याच्या अंगणवाडीत सेविका आहे ती. रोज दोन किलोमीटर पायी जायचं, दोन यायचं, खांद्याला रजिस्टरांची पिशवी, गुडघे कुरकुरणारे. उन्नती गेल्यापासून तिनं शेडच्या आत पाय टाकला नव्हता. चहाचा कप पायरीवर ठेवायची आणि तोंड फिरवून जायची. एकदाच तिनं विचारलं होतं, पाठमोरी उभी राहून.

"होऊन राहिली का जी सायकल?"

"हो."

"उन्नतीनं ठरवलं होतं तशीच करून राहिले ना?"

सुशीलच्या तोंडात दोन स्क्रू होते. तो म्हणाला, "चांगली करून राहिलो." आणि ती गेली. चार महिन्यांत त्या दोघांत सायकलीवर झालेलं बोलणं एवढंच. बाकीचं बोलणं गॅस संपला, दूध आलं, टीव्ही बंद कर. एका घरात दोन माणसं आणि दोघंही बधिर, तर कोण कोणाला चिमटा काढणार?

मार्चच्या नऊ तारखेला उन्नतीचा वाढदिवस. रविवार होता. सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्ती लावली, बाजूला उन्नतीचा फोटो, दोघांनी वंदना घेतली. भावनानं खीर केली होती. सुशीलनं सायकल अंगणात आणून उभी केली, वर जुनी चादर टाकली आणि म्हणाला, "भावना, ये वं. झाली."

ती पदराला हात पुसत आली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काहीतरी होतं, बऱ्याच महिन्यांनी. सुशीलनं चादर ओढली.

काय दिसत होती सायकल! काळीभोर, रिमा चकचकीत, दांडीवर सोनेरी रेघा उन्हात झळकत होत्या. धोंडबा असता तर त्यानं दुपट्ट्यानं पुसून पुसून बेजार केली असती.

भावना बघत राहिली. मग तिनं दांडीवर हात ठेवला.

"दांडी लावली?"

"होती तशी लावली. सांधा कुठी आहे, शोधून पाह्य."

तिनं शोधला नाही. हात तसाच दांडीवर ठेवून ती म्हणाली, "मंग मी कशी बसू?"

सुशीलला ऐकू आलं, पण समजलं नाही. "तू?"

"मायासाठी करत होती ती." भावना सपाट आवाजात सांगत होती, अंगणवाडीच्या पोरांची हजेरी सांगावी तशी. "मले लहानपनापासून येत नव्हती सायकल. गावात भावाले होती, मले कोन देते? उन्नती मले सकाळी फिराले म्हनून नेत होती ना, ते फिरनं नव्हतं जी. तिकडच्या रिकाम्या प्लॉटावर बाजूच्या पोरीची लहान सायकल घेऊन शिकवत होती. दोन महिने. माया गुडघा फुटला होता, तुम्ही म्हनले अंगनवाडीत पडली का, मी हो म्हनलं."

"मंग नवी..."

"मी म्हनलं होतं, नवी घे. ती म्हने, नाई, आजोबाचीच. आजोबाच्या सायकलवर बाबा बसले, आता तू बस. लुगडं नेसून पाय वरून टाकता येत नाई म्हनून दांडी खाली घेतली. टोपली आनली होती रजिस्टरं ठेवाले." तिनं शेडकडे पाहिलं. तिथं टोपलीतून कांद्याची पात बाहेर लोंबत होती.

"मले कोनी सांगतलं नाई," सुशील म्हणाला.

"तिनं मले शपथ घातली होती. बाबाले आत्ता नको सांगू, तू गेटाबाहेर चालवत निघाली की आपोआप समजंल. आन मंग ती गेली. मंग कोनाले सांगू? मी तुमाले विचारलं होतं, तिच्यासारखीच करून राहिले ना. तुम्ही हो म्हनले."

सुशील हो म्हणाला नव्हता, 'चांगली करून राहिलो' म्हणाला होता. पण तेवढ्यासाठी काय भांडायचं? भावना आत गेली. खिरीच्या वाट्या तशाच होत्या, वर साय धरत होती.

सुशील सायकलजवळ उभा राहिला. आता काहीतरी व्हायला पाहिजे, असं त्याला वाटलं. छाती फुटावी, हंबरडा यावा, लोक म्हणतात ते काहीतरी. काहीच झालं नाही. त्याला फक्त सोनेरी रेघ एका ठिकाणी किंचित जाड झालेली दिसली. मग तो सायकल शेडमध्ये घेऊन गेला आणि ग्राइंडर उचलला. दोन मिनिटांचं काम. पण बटण दाबायच्या आधी त्याला आठवलं, दांडी बसवताना तिच्या कापलेल्या टोकांवर आरीच्या दातांचे बारीक ओरखडे होते. पोरीनं ग्राइंडर बाजूला असूनही हातानं कापली होती, काप बारीक राहावा, आजोबाची दांडी कधी पुन्हा जोडता यावी म्हणून. त्यानं ग्राइंडर खाली ठेवला आणि आरी घेतली.

सीटच्या बाजूच्या सांध्याला त्यानं आरी लावली. सोनेरी रेघ गेली, काळा रंग गेला, खालचं लोखंड लागलं आणि आरी घसरायला लागली. स्वतःचं वेल्ड! आतून आधाराची नळी, वरून तीस वर्षांचा हात. सोपं थोडंच तुटणार होतं? एका पात्याचे दात गेले. दुसरं लावलं. फ्रेम थडथड हलत होती, एका हातानं धरावी तर दुसऱ्यानं कापता येईना.

कुणीतरी येऊन सायकल धरली. भावना होती. शेडच्या आत आली होती, जमिनीवर बसून तिनं दोन्ही हातांनी चाक दाबून धरलं होतं.

सुशील कापत राहिला. आरीच्या चालीवरच त्याच्या तोंडून निघालं, "अकरा दिवस बोललो नाई वं मी तिच्यासंग."

"माहीत आहे."

"कावळा हगला म्हनलं मी तिच्या कामाले."

"ते पन सांगतलं तिनं. हसत होती. म्हने, बाबा बोलत नाई, पन सकाळी गुपचूप येऊन माया सांधा दाबून पाहून जातात. पक्का आहे का म्हनून."

हे खरं होतं. रोज सकाळी तो जात होता, अबोल्यात. नळीवर पाय देऊन, भार टाकून पाहत होता. दिसायला गचाळ होता तो सांधा, पण पक्का होता, आणि हे तो कुणालाच बोलला नव्हता. तिला कळलं होतं. पोरीला सगळं कळलं होतं, आणि हा बसला होता चार महिने घासत!

दांडीचं टोक सुटलं आणि खाली फरशीवर ठण् वाजलं. त्याबरोबर सुशीलच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो त्यानं स्वतःही ओळखला नाही. आरी हातात तशीच, आणि तो रडत होता, नाक-डोळे गळत होते, "माय वं, माय वं" म्हणत होता. शेजारची बाई कंपाउंडवरून डोकावली आणि तशीच मागं झाली. भावनानं चाक सोडलं नाही. तिचंही तोंड भिजलं होतं. "दुसरं टोक राहिलं जी," ती म्हणाली, आणि दोघांनी दुसरं टोक कापलं.

तिरपी नळी भंगाराच्या पोत्यात खालीच होती. लकडगंजच्या वर्कशॉपमधलं पोतं दर पंधरवड्याला रिकामं होतं, पण ते उचलायचं काम सुशीलचं, आणि यंदा त्याला ते सुचलंच नव्हतं. बधिरपणाचा तेवढा एक उपकार झाला म्हणायचा. सोमवारी त्यानं नळी काढली. एका टोकाचं वेल्ड त्यानं फ्रेमपाशी साफ केलं होतं, पण दुसऱ्या टोकाला उन्नतीचा सांधा नळीबरोबरच निघून आला होता, पोपड्या-पोपड्यांचा, फुगलेला, जसाच्या तसा. सुशीलनं नळी जागेवर धरली आणि मागच्या अंगानं वेल्ड मारलं, समोरून तिचं तसंच ठेवून. निळा डबा उघडला आणि तेवढ्या नळीला निळा रंग दिला. बाकी सायकल काळी. विचित्रच दिसते, कुणीही सांगेल. सीट खाली घेतली, कांदे सुपात ओतले, टोपली हँडलला बांधली. आणि दांडी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून, तेल लावून, फळीवर ठेवली.

मंगळवारी सकाळी भावना रजिस्टरं टोपलीत टाकून निघाली. पाय खालून सहज गेला. पण बसताना तिच्या लुगड्याचा काठ अडकला, त्या पोपड्याच्या टोकात. एक सूत निघालं.

"थांब," सुशील म्हणाला, आणि शेडमधून कानस घेऊन आला. तीस वर्षांची सवय, सांधा टोचतो तर घासायचा. तो खाली बसला, कानस पोपड्यावर ठेवली. मग तसाच बसून राहिला.

भावनानं वाकून काठ सोडवला. "राहू द्या," ती म्हणाली. "मी रोज सोडवत जाईन."

आणि ती गेटाबाहेर गेली, जरा डगमगत, घंटी नको तिथं वाजवत. सुशील कानस हातात धरून रस्त्यावर उभा होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊजी, वहिनीले सायकल कोनं शिकवली?"

"उन्नतीनं," तो म्हणाला.